चार उड्या खाली

‘ढील दे गं, ढील दे, जाऊ दे त्याला वर.’ या ओळीतल्या शेवटच्या ‘वर’ला कस्तुरीचा आवाज फाटला आणि मागच्या बाकावरच्या पोरी तोंडासमोर वह्या धरून हसल्या.

सीडी प्लेअरमधून नुसतं संगीत पुढं चालूच राहिलं. बासरी, ढोलकी, मग पुन्हा बासरी. कस्तुरी खाली मान घालून उभी. मी बटण दाबून ट्रॅक थांबवला.

“बाप्यागत आवाज हाय गुर्जी हिचा,” कुणीतरी मागून म्हणालं.

“ज्याचा आवाज त्याला,” मी म्हणालो. “कस्तुरी, पुन्हा एकदा बघू?”

“न्हाई जाणार गुर्जी. तीनदा बघिटलं की.”

खरंच तीनदा झालं होतं. जिल्ह्याच्या बालगीत स्पर्धेला आमच्या हायस्कुलातून एक मूल पाठवायचं होतं. आयोजकांनी सगळ्या शाळांना पतंगाचं एकच गाणं दिलं होतं आणि त्याच्या संगीताची एकच सीडी धाडली होती. पेटी-तबला न्यायचा नाही, ट्रॅकवरच गायचं. ट्रॅक काळी पाचमध्ये, म्हणजे चांगल्याच उंच पट्टीत होता. अनुजा देसाईचा आवाज तिथं पाण्यात मासळी फिरावी तसा फिरायचा. माझ्या मनात तिचंच नाव पक्कं झालं होतं.

“बरं,” मी म्हणालो. “मग अनुजा जाईल. कस्तुरी, तू वाईट गात नाहीस बरं का. ट्रॅकच उंच आहे.”

कस्तुरी सुतार तेव्हा आठवीत होती. काटक, सावळी, केसांवर नेहमी थोडंसं पीठ, कारण आईची गिरणी होती आणि शाळेआधी दोन तास ही तिथं असायची. ती जागची हलली नाही.

“गुर्जी, मग ट्रॅक खाली आणा की.”

“अगं, तो काय हंडा आहे का फळीवरचा, खाली आणायला? सीडीत जे भरलंय ते भरलंय.”

“आन पेटीवर आणता येतंय?”

“पेटीवर येतं.”

“मग पेटीवर तरी आणा. म्हंजे कळंल तरी, मला येतंय का न्हाई.”

इथं माझी एक गोष्ट सांगायला हवी. मी तीस वर्षं शाळेत गाणं शिकवत होतो, पण माझ्या बोटांना काळी पाचचीच सवय. माझे गुरुजी तिथून वाजवायचे, म्हणून मी तिथून वाजवायचो. दुसऱ्या पट्टीत वाजवायचं म्हटलं की माझी बोटं परक्या गावात उतरल्यासारखी चाचपडायची. मुलांना मी बाराही पट्ट्या शिकवत होतो, ते मात्र वेगळ्या रीतीनं. शाळेत पेटी एक आणि मुलं पन्नास. म्हणून व्हरांड्यातल्या फरशीवर मी खडूनं लांबलचक पेटी काढून ठेवलेली होती. सात पांढरी घरं, मधे मधे पाच काळी घरं, प्रत्येकावर नाव. मुलं ठिक्करबिल्ला खेळल्यासारखी त्यावर उड्या मारायची. मी म्हणायचो, “पांढरी एकवरून तीन पट्ट्या वर,” की पोरं मोजत उडायची, काळी एक, पांढरी दोन, काळी दोन. एक घर गाळलं की बाद. कस्तुरी या खेळात कधी बाद झालेली मला आठवत नाही.

“चल बाहेर,” मी म्हणालो. “तूच शोध. तुझं ‘वर’ जिथं सहज लागेल तिथं थांब.”

पेटी व्हरांड्यात आणली. कस्तुरी काळी पाचच्या घरात उभी राहिली आणि मागं उड्या मारू लागली. प्रत्येक उडीला मी सूर धरायचो आणि कस्तुरी ती ओळ म्हणायची. पांढरी सहा. नाही. काळी चार. पोरी पुन्हा हसल्या. पांढरी पाच. जरा बरं, पण शीर ताणलेली. चौथी उडी काळी तीनवर पडली.

“ढील दे गं, ढील दे, जाऊ दे त्याला वर.”

ते ‘वर’ असं काही गेलं की मी भाता मारायचा थांबलो. जाड, उबदार, भरलेला आवाज. त्यात ओढाताण नव्हती. शेजारच्या वर्गातले गणिताचे सर खिडकीत येऊन उभे राहिले. कुणी हसलं नाही.

अनुजाच पहिल्यांदा बोलली. “गुर्जी, हिलाच पाठवा. मी म्हटलं तर चांगलं वाटतंय, पण हिनं म्हटलं की पतंग दिसतोय.”

त्या संध्याकाळी मी स्पर्धेचं पत्रक पुन्हा काढलं. असली पत्रकं नऊ वर्षं येत होती. मी त्यातली तारीख, वेळ आणि गाण्याचे शब्द तेवढे बघायचो. या वेळी शेवटपर्यंत वाचलं. सगळ्यात खालची ओळ होती: ‘गायकाच्या आवाजानुसार ट्रॅकची पट्टी बदलून आणण्यास हरकत नाही.’

आदल्या वर्षीचं पत्रक फायलीत होतं. त्यातही ती ओळ होती. त्याच्या आदल्या वर्षीच्याही.

दुसऱ्या दिवशी मी गिरणीत गेलो. कस्तुरीची आई शालन यंत्रात जोंधळा ओतत होती. शालनही माझीच विद्यार्थिनी. गावातलीच लेक, गावातच दिलेली. नवरा सांगलीला फर्निचरच्या कामावर, महिन्यातनं एकदा येणारा. गिरणीच्या घरघरीवरून सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असा तिचा आवाज. पण माझ्याशी ती नेहमी हळू बोलायची.

“शालन, कस्तुरीला कोल्हापूरला न्यायचं आहे. गाण्याच्या स्पर्धेला.”

तिनं पट्टा सोडवून गिरणी बंद केली. अचानक शांत झालं.

“कितीजणी हाईत?”

“एकटीच. एकटीनं गायचं आहे.”

“म्हंजे मागं उभी ऱ्हाणार न्हाई?”

“मागं कुणीच नसेल.”

“आन गाणार ती तिच्याच आवाजात? का बारीक आवाज काढायला लावणार?”

“तिच्याच आवाजात. गाणंच तिच्या आवाजापाशी आणतो आहे आम्ही. शब्द देतो तुला.”

शालननं कपाळावरचं पीठ मनगटानं पुसलं. “मग न्या,” म्हणाली, आणि गिरणी सुरू केली.

गडहिंग्लजच्या बाजारात दिलावर मुल्लाणीचं दुकान होतं. पुढं मोबाइलची कव्हरं, मागं स्टुडिओ. लग्नाच्या ऑर्केस्ट्रांना तो ट्रॅक बनवून द्यायचा. मला बघून उठून उभा राहिला.

“या गुर्जी. च्या सांगू?”

“चहा राहू दे. दिलावर, ट्रॅक खाली येतो का रे? पण चाल हळू व्हायला नको. पूर्वी टेपरेकॉर्डर हळू फिरवला की सगळंच रेंगाळायचं.”

“तसलं आता काय न्हाई. कॉम्प्युटर हाय. चाल तीच ठिवतो, पट्टी खाली घेतो. तुम्ही फक्त सांगा किती.”

मी खिशातून चिठ्ठी काढून लिहिलं: काळी पाचवरून काळी तीन. त्यानं चिठ्ठी वाचली, मान डोलावली आणि सीडी ठेवून घेतली.

“उद्या तयार.”

पण उद्या तयार झाली नाही. चार दिवस भारनियमनानं घोळ घातला. वीज यायची तेव्हा दिलावर लग्नाला गेलेला, दिलावर असायचा तेव्हा वीज नसायची. शेवटी स्पर्धेच्या दिवशी सकाळी आठला, कोल्हापूरची एसटी गडहिंग्लजच्या स्टँडवर लागलेली असताना, तो पळत आला आणि खिडकीतून सीडी माझ्या हातात दिली.

“झालीय गुर्जी. एक नंबर वाजतीय.”

गाडी सुटली. कस्तुरीनं सीडी मागून घेतली, उलटसुलट करून बघितली. वर मार्करनं गाण्याचं नाव होतं आणि त्यापुढं वजा दोन असा आकडा.

“गुर्जी, हे दोन कसलं?”

“दोन पट्ट्या खाली, असं असेल.”

मग सीडी मांडीवर ठेवून तिनं दोन बोटं तिच्या कडेवरून हळूहळू चालवली.

“चार पायजेत की. काळी पाच, मग पांढरी सहा एक, काळी चार दोन, पांढरी पाच तीन, काळी तीन चार.”

“बरोबर आहे तुझं. पण कॉम्प्युटरचं माप वेगळं असेल, बाळ. आपण पट्ट्या मोजतो, तो आणखी काही मोजत असेल.”

“म्हंजे काय मोजत असंल?”

“ते दिलावरला माहीत. तो रोज हेच करतो.”

“पण गुर्जी—”

“कस्तुरी, आता घसा राखायचा. बोलू नकोस.”

ती निपाणी येईपर्यंत खिडकीबाहेर बघत बसली. मीही बाहेरच बघत होतो. पोरीला तिचं उत्तर बरोबर आहे म्हणून सांगायचं आणि वर तिलाच गप्प करायचं, हे मी किती सहज केलं, याचा तेव्हा विचारही मनात आला नाही.

हॉल मोठा होता. खुर्च्या भरलेल्या. स्टेजसमोर टेबलाशी तीन परीक्षक, मधोमध पांढऱ्या केसांच्या एक बाई. कोपऱ्यात लॅपटॉप घेऊन साउंडवाला. मुलं एकामागून एक येत होती आणि तोच पतंग काळी पाचमध्ये वर जात होता. काहींचा सुरेख जात होता, काहींचा तुटत होता. तुटला की मुलं डोळे मिटून घ्यायची.

कस्तुरीचा नंबर सतरावा. ती स्टेजवर गेली. तिच्या डोईवर आज पीठ नव्हतं. आईनं तेल चोपडून दोन घट्ट वेण्या घातल्या होत्या. मी पहिल्या रांगेच्या कडेला बसलो.

ट्रॅक सुरू झाला. पहिली बासरी वाजली आणि मी खुर्चीत पुढं सरकलो. काळी पाचपेक्षा खाली होता, पण काळी तीन नव्हता. काळी चार. त्या क्षणी सगळं लख्ख झालं. पेटी न वाजवणाऱ्या दिलावरनं माझी चिठ्ठी वाचली होती, काळी पाच आणि काळी तीन, आणि पाचातून तीन वजा केले होते. मधली पांढरी घरं त्याला कुणी सांगितलीच नव्हती. ती मी लिहायला हवी होती. ज्या माणसानं तीस वर्षं पोरांना एक घर गाळलं म्हणून बाद केलं, त्यानं स्वतःच्या चिठ्ठीत घरं गाळली होती.

बासरी संपत आली. आता ढोलकी, आणि मग तिनं उचलायचं. मला वाटलं, ती उचलेल. ताणून म्हणेल, ‘वर’ला फाटेल, आणि खाली मान घालून उभी राहील. मी तिच्या आईला दिलेला शब्द त्या स्टेजवर उभा होता.

कस्तुरीनं तोंड उघडलं नाही. ती स्टेजच्या फळ्यांकडं बघत होती. मग तिनं एक पाऊल मागं टाकलं. थांबली. आणखी एक मागं टाकलं. हॉलमधल्या कुणाला काही कळलं नसेल. मला ते खडूच्या पेटीवरचं पाऊल ओळखू आलं. पांढरी पाच. काळी तीन.

ती माईकजवळ आली.

“दादा, जरा थांबवा.”

साउंडवाल्यानं गोंधळून ट्रॅक बंद केला. हॉलमध्ये कुजबुज झाली. परीक्षकबाईंनी चष्मा सावरला.

“काय झालं, बाळ? विसरलीस?”

“न्हाई. पट्टी चुकलीय. काळी तीन पायजे, ही काळी चार हाय.”

“पण हा ट्रॅक तुमच्या शाळेनंच करून आणलाय ना?”

कस्तुरीनं माझ्याकडं बघितलं. एवढंच. तिला माझं नाव घ्यायचं नव्हतं.

मी उभा राहिलो. दोनशे माणसांच्या माना माझ्याकडं वळल्या.

“बाई, चूक माझी आहे,” मी म्हणालो. “चिठ्ठी मी चुकीची लिहिली. आणि तिनं सकाळी एसटीत हे अचूक सांगितलं होतं. मीच तिला गप्प केलं.”

शेजारचे परीक्षक नियमांचा कागद चाळू लागले. “सुरू झालेला ट्रॅक थांबवला तर पाच गुण कमी होतात,” ते म्हणाले. “पुन्हा सुरू करायला हरकत नाही. पण पट्टी आता इथं कशी बदलणार?”

“दादांच्या लॅपटॉपवर व्हतंय का बघा की,” कस्तुरी म्हणाली.

साउंडवाला हसला. “होतंय. किती खाली घेऊ सांग.”

“अजून दोन. एक पांढरी पाच, दुसरी काळी तीन. ह्याच्यात आधीच दोन गेल्यात, सगळ्या मिळून चार.”

“कॉम्प्युटरचं माप वेगळं असतं का हो?” मी न राहवून खालून विचारलं.

“नाही सर. एक आकडा म्हणजे पेटीची एक पट्टी. काळी-पांढरी सगळी धरून.”

हॉलमध्ये हशा पिकला. मीही हसलो. कस्तुरी हसली नाही, पण तिच्या ओठांचे कोपरे जरा हलले.

“पाच गुण जातील, चालेल ना?” बाईंनी विचारलं.

“चालतंय.”

बासरी पुन्हा सुरू झाली, या वेळी जमिनीच्या जवळून. मग ढोलकी. मग कस्तुरीचा आवाज आला आणि मागच्या रांगेतल्या माणसांनी बोलणं थांबवलं. सोळा वेळा ऐकलेलं गाणं ते सतराव्यांदा ऐकत होते, पण कुणीतरी ते पहिल्यांदाच सांगत आहे असं वाटत होतं. ‘जाऊ दे त्याला वर’ला ती आली तेव्हा मी तिच्याकडं बघितलं नाही. मी परीक्षकबाईंच्या हाताकडं बघत होतो. पेन कागदावर टेकवलेलं होतं आणि त्या लिहायच्या विसरल्या होत्या.

कस्तुरी दुसरी आली. ते पाच गुण गेले नसते तर पहिलीच आली असती, असं कुणीतरी येऊन सांगितलं. ती म्हणाली, “गेलं तर गेलं. फाटलं न्हाई ना.” येताना निपाणीला आम्ही भजी खाल्ली आणि घसा राखायचा विषय मी काढला नाही. तिनं वाट्टेल तेवढं बोलावं अशी माझी इच्छा होती, आणि ती गावापर्यंत बोलत होती.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत शालन शाळेत आली. कोपरापर्यंत पीठ, पदर खोचलेला. व्हरांड्यात मी मुलांबरोबर खडूची घरं पुन्हा गडद करत बसलो होतो. मुलं पांगली. कस्तुरी तेवढी खांबाला टेकून राहिली.

“गुर्जी, तुम्ही शब्द पाळला,” शालन म्हणाली.

“मी कुठला पाळला? मोडतच होतो. पाळला तो तुझ्या लेकीनं.”

“तिनं सांगिटलं सगळं. तुम्ही उभं राहून काय म्हणालात ते बी.” तिनं हातावरचं पीठ झटकलं. “मला बी एकदा तुम्ही गप्प केलं हुतं. तुमच्या ध्यानात नसंल.”

माझ्या ध्यानात नव्हतं. मी खडू खाली ठेवला.

“सातवीत हुतो. पंधरा ऑगस्टचं गाणं. तुम्ही पेटी वाजवीत हुता. म्हणालात, शालन, तुझा आवाज सगळ्यांत मिसळत न्हाई. तू मागच्या रांगेत उभी ऱ्हा आन नुसतं ओठ हलव.” ती हे रागानं बोलत नव्हती. कालच्या दळणाचा हिशेब सांगावा तसं साधं सांगत होती. “मी हलवलं. मग तीच सवय लागली. देवळात आरतीला बी नुसतं ओठच हलिवतो.”

पेटी मागं वर्गाच्या दारात होती. काळी पाचमधून वाजवताना लागणाऱ्या पांढऱ्या पट्ट्या बोटं लागून लागून पिवळ्या पडल्या होत्या, बाकीच्या अजून पांढऱ्याफटक होत्या. शालन सातवीत असताना माझ्यासमोर हीच पेटी होती. ट्रॅक नव्हता, सीडी नव्हती, कुणाचा नियम नव्हता. मला फक्त बोटं चार-पाच पट्ट्या डावीकडं न्यायची होती.

“शालन,” मी म्हणालो, “आता म्हणशील? पतंगाचं?”

“आता काय गुर्जी. वय झालं. आन मला पट्टी-बिट्टी काय कळतीय.”

“मला ठावं हाय,” कस्तुरी खांबापासून म्हणाली. “आईची पांढरी चार. माझ्यापेक्षा एक उडी खाली. गिरणीत गुणगुणती तवा मी कवाच मोजून ठिवलंय.”

शालननं लेकीकडं बघितलं. तिला हे ठाऊक नव्हतं.

मी पेटी ओढली आणि पांढरी चारवर बोट ठेवलं. बोटं चाचपडली. पहिल्या ओळीत दोनदा चुकलो, पुन्हा सुरुवात केली. कस्तुरी माझ्या शेजारी बसली आणि चुकीच्या पट्टीकडं माझं बोट गेलं की मान हलवून सांगू लागली. मी ऐकत गेलो. तिसऱ्यांदा चाल जमली.

शालन खडूच्या पेटीवर उभी होती. तिच्या पायाखाली कुठलं घर आलं होतं ते तिला माहीत नव्हतं. पहिली ओळ तिनं नुसतीच ओठांनी म्हटली. मी वाजवत राहिलो. दुसऱ्या ओळीला आवाज आला.